सहीचे दोन रकाने

जुन्या पासपोर्टच्या पुस्तिकेत एक पान असे. त्यावर धारकाचे वर्णन, शेजारी ‘पत्नी’चा रकाना आणि मुलांच्या नावांसाठी जागा. १९२० साली पॅरिसच्या परिषदेत राष्ट्रसंघाने पासपोर्टचा समान नमुना सुचवला आणि या पुस्तिका जगभर रूढ झाल्या. अशी एक पुस्तिका पहिल्यांदा हाताळली तेव्हा मी त्या पानाशीच थबकलो. मूल तिथे स्वतंत्र प्रवासी नव्हते. बहुधा बापाच्या कागदावरची ती एक ओळ होती. आज भारतात तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो आणि अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचे घोषणापत्र जोडावे लागते. या दुसऱ्या सहीचा माग काढताना मला दिसले, की ती पासपोर्ट कचेरीत जन्मलीच नाही. शेतजमीन, रोखे, विमा यांच्या कागदांवरून ती तिथे आली.

१८९०च्या पालक व पाल्य कायद्यानुसार बाप हयात असेल आणि अपात्र ठरला नसेल, तर न्यायालयाला दुसरा पालक नेमता येत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आला. त्याच्या कलम ६ने मुलाचे नैसर्गिक पालक सांगितले : वडील, ‘आणि त्यांच्यानंतर’ आई. त्याच कलमाने पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे दिला. सांभाळ आईचा, सही बापाची, अशी ही वाटणी होती.

पासपोर्ट तेव्हा हक्काची गोष्ट नव्हती. तो देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. एप्रिल १९६७मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. हक्क मिळाला, पण मुलाच्या वतीने तो मागायचा कोणी, याचे उत्तर कलम ६मध्येच अडकलेले होते.

ते कलम आधी सैल झाले ते शेतजमिनीच्या वादात. जिजाबाई गजरे खटल्यात वडील हयात होते, पण वर्षानुवर्षे वेगळे राहत होते. मुलीची जमीन आईच पाहत होती. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आईला नैसर्गिक पालक मानले. मात्र तो अपवाद समजला गेला.

१९८४मध्ये लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीने अल्पवयीन मुलाच्या नावे नऊ टक्के व्याजाचे वीस हजार रुपयांचे रोखे मागितले. पालक म्हणून सही आईची होती आणि पतीची त्याला संमती होती. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत केला : वडिलांची सही आणा, नाहीतर आईच्या पालकत्वाचा दाखला आणा. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे ‘त्यांच्या मृत्यूनंतर’ नव्हे, ‘त्यांच्या अनुपस्थितीत’. आणि मुलाविषयीची पूर्ण उदासीनता हीसुद्धा अनुपस्थितीच.

२०१५ साली आणखी एक पाऊल पडले. एका अविवाहित ख्रिस्ती आईला बचत आणि विम्याच्या कागदांवर मुलाचे नाव वारस म्हणून लावायचे होते. पालकत्वासाठी वडिलांना नोटीस देणे सक्तीचे नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने, एकट्या आईने वाढवलेल्या मुलीच्या पासपोर्टसाठी वडिलांच्या नावाचा आग्रह धरता येणार नाही, असे सांगितले. डिसेंबर २०१६मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम बदलले आणि अर्जात आई, वडील किंवा पालक यांपैकी एकच नाव पुरेसे ठरले. दुसऱ्याची संमती मिळत नसेल, तर कारण नमूद करून एकट्या पालकाच्या घोषणापत्रावर अर्ज करता येतो.

मग दोन सह्यांचा नियम काढूनच का टाकू नये? इथे मी अडखळतो. मुलाला एका पालकाने परस्पर परदेशी नेण्याबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही. मूल एकदा सीमेपार गेले, की मागे राहिलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या हाती लांबलचक न्यायालयीन लढाईच उरते. अशा घरात दुसरी सही ही आगाऊ मिळालेली ढाल असते. पण जिथे नवरा वर्षानुवर्षे फिरकलेला नाही, तिथे तीच सही बाईला वेठीला धरण्याचे हत्यार होते. रकाना एकच, तो कोणत्या घरात ढाल आहे आणि कोणत्या घरात हत्यार, हे खिडकीपलीकडच्या कारकुनाला कागदावरून कळत नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव येते. बापाच्या पासपोर्टवरची ओळ असलेले मूल इथवर पोहोचले आहे. कलम ६मधले ‘आणि त्यांच्यानंतर’ हे शब्द मात्र कायद्याच्या पुस्तकात आजही तसेच छापले जातात. अर्थ न्यायालयाने बदलला. शब्द बदलण्याचे काम संसदेकडे अजून बाकी आहे.