हिपॅटायटिस सी विषाणूचा प्रसार

हिपॅटायटिस सी हा यकृतदाह निर्माण करणारा विषाणुजन्य रोग आहे. बाधित व्यक्तीचे रक्त दुसऱ्या व्यक्तीच्या रक्तप्रवाहात शिरल्याने त्याचा प्रसार होतो. त्यासाठी रक्ताचा अत्यल्प, डोळ्यांना न दिसणारा अंशही पुरेसा असतो. अन्न, पाणी किंवा हवेतून हा रोग पसरत नाही. मराठीत ‘कावीळ’ या एकाच नावाने अनेक आजार ओळखले जातात. त्यांपैकी दूषित पाण्यातून साथीच्या रूपाने पसरणारी कावीळ प्रामुख्याने हिपॅटायटिस ए आणि ई या वेगळ्या विषाणूंमुळे होते.

पार्श्वभूमी

या विषाणूचा शोध १९८९ मध्ये जाहीर झाला. त्यापूर्वी रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या, परंतु कारण न सापडलेल्या यकृतदाहाला ‘ना-ए, ना-बी’ हिपॅटायटिस म्हटले जाई. या संशोधनासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

संसर्गानंतर बहुतेकांना सुरुवातीस कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. सुमारे ७० टक्के बाधितांमध्ये संसर्ग दीर्घकालीन होतो आणि अनेक वर्षांनी यकृत काठिण्य (सिऱ्होसिस) किंवा यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. मधल्या काळात बाधित व्यक्तीकडून नकळत इतरांना संसर्ग होऊ शकतो.

प्रसाराचे मार्ग

* वैद्यकीय उपचार: एकच सुई किंवा सिरिंज अनेकांना वापरणे, वापरलेली सिरिंज औषधाच्या सामायिक बाटलीत पुन्हा घालणे, तसेच शस्त्रक्रिया, दंतोपचार व डायलिसिसची उपकरणे नीट निर्जंतुक न करणे. केवळ सुई बदलून तीच सिरिंज वापरणेही धोकादायक असते, कारण सिरिंजमध्ये रक्ताचा अंश राहू शकतो.
* रक्त व रक्तघटक: चाचणी न केलेले रक्त चढवणे. थॅलेसेमिया व हिमोफिलियाच्या रुग्णांना वारंवार रक्त किंवा रक्तघटक घ्यावे लागत असल्याने त्यांना हा धोका अधिक होता.
* अमली पदार्थ: ते शिरेतून घेताना सुया, सिरिंज व इतर साहित्य सामायिक वापरणे.
* मातेकडून बालकाला: बाधित मातांच्या १०० बालकांपैकी सुमारे ५ ते ६ बालकांना संसर्ग होतो. मातेला एचआयव्हीचाही संसर्ग असल्यास हे प्रमाण वाढते.
* इतर मार्ग: अस्वच्छ सुईने गोंदणे किंवा कान-नाक टोचणे, दुसऱ्याचा वस्तरा किंवा दात घासण्याचा ब्रश वापरणे. लैंगिक संबंधातून प्रसार होऊ शकतो, परंतु दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुष जोडप्यांत तो क्वचित आढळतो.

इजिप्तमधील प्रसार

उपचारांतूनच रोग पसरल्याचे सर्वांत मोठे उदाहरण इजिप्तमध्ये आढळते. नाईल नदीच्या खोऱ्यातील बिलहार्झिया या कृमिजन्य रोगाच्या निर्मूलनासाठी तेथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने सामूहिक मोहिमांतून दिली गेली. काचेच्या सिरिंज पुरेशा निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस सीचा व्यापक प्रसार झाला आणि हा देश जगातील सर्वाधिक बाधित देशांपैकी एक ठरला. पुढे तोंडावाटे घेण्याच्या प्राझिक्वांटेलने इंजेक्शनांची जागा घेतली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रव्यापी मोहिमेत कोट्यवधी नागरिकांची तपासणी करून बाधितांवर मोफत उपचार करण्यात आले.

गैरसमज

हस्तांदोलन, आलिंगन, चुंबन, शिंकणे, खोकणे, एकाच ताटात जेवणे किंवा सामायिक स्वच्छतागृह यांमुळे हा रोग पसरत नाही. स्तनपानातूनही तो पसरत नाही. मात्र स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असल्यास त्या काळापुरते स्तनपान थांबवण्याचा सल्ला दिला जातो. त्यामुळे बाधित व्यक्तीची भांडी वेगळी ठेवण्यास किंवा तिला शाळा अथवा नोकरीपासून दूर ठेवण्यास वैद्यकीय आधार नाही.

प्रतिबंध व उपचार

या रोगावर लस उपलब्ध नाही. प्रत्येक वेळी नवी सुई व सिरिंज वापरणे, उपकरणांचे निर्जंतुकीकरण आणि दान केलेल्या रक्ताची चाचणी हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत. भारतात २००१ पासून दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी चाचणी बंधनकारक आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात निदान व औषधे मोफत दिली जातात. थेट विषाणूवर कार्य करणाऱ्या गोळ्यांच्या साधारणतः १२ आठवड्यांच्या उपचाराने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. मात्र बरे झाल्यानंतर प्रतिकारशक्ती निर्माण होत नसल्याने पुन्हा संसर्ग होऊ शकतो.