चिंधीची वात आणि दिव्याचं लुगडं

जुन्या लॅम्पशेडवर नवं कापड चढवणं हा आता रिकाम्या वेळेचा छंद समजला जातो. पण कापडाचं आणि दिव्याचं नातं आपल्या वऱ्हाडात फार जुनं. फरक इतकाच, की पूर्वी कापड दिव्याच्या आत असायचं. लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची, पोतेरं व्हायचं, आणि उरलेल्या चिंधीची वात. दिव्याभोवती कापड लावायचं कोणाच्या मनातही आलं नसतं; घर पेटलं असतं.

ज्या कापसाची ही वात, त्यानेच वऱ्हाडाचं नशीब फिरवलं. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. १८७० मध्ये तर खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. इथून गाठी गेल्या, तिकडून विलायती कापड आलं. पुढे अकोल्यात सावतराम मिल उभी राहिली. तीही आता बंद आहे.

मग आलं रॉकेल, म्हणजे ‘रॉक ऑइल’चा मराठी अवतार. कंदिलात सुती वात होतीच, वर काच आली. ती राखेने पुसण्यात माझं लहानपण गेलं. एडिसनचा दिवा १८७९ चा, पण महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं १९६० मध्ये, आणि खेड्यांत खांब पोचायला त्यापुढेही वर्षं लागली. ज्योत गेली, लख्ख बल्ब आला, डोळ्यांना खुपू लागला. तेव्हा कुठे आमच्याकडे कापड दिव्याच्या बाहेर आलं. तरी जपावं लागे. तो बल्ब नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच घालवायचा आणि जवळचं कापड करपायचं. एलईडीने ती धास्ती पुष्कळ कमी केली.

माझ्या जुन्या शेडचा तारेचा सांगाडा धड होता, कापड मात्र हात लावला की फाटायचं. आईचं एक सुती लुगडं पेटीत होतं, शेवटचं. अकोल्याची धाकटी बहीण फोनवर म्हणाली, “ताई, त्याला कात्री लावू नको.” मला आई आठवली. ती म्हणायची, “फाटकं लुगडं काय पुजाले ठेवू व?” शेवटी पदर आणि काठ बहिणीकडे अकोल्याला पाठवले, मधला विरलेला भाग मी घेतला.

वर्तमानपत्रावर शेड लोळवत दोन्ही कडा आखल्या. शंकूचा तुकडा उलगडला की सरळ पट्टी होत नाही, कमान होते. हे वर्गात कितीदा तरी फळ्यावर काढलं असेल. दुमडीसाठी बोटभर कापड जास्त सोडलं, कडा तारेवरून आत घेऊन टाके घातले. शेडला सुतीच कापड बरं, नायलॉन उष्णतेने वितळतं.

दिवा लावला आणि दिवसा कधी न दिसलेलं दिसलं. आईने तीन ठिकाणी रफू केलं होतं. तिथले धागे दाट, काळसर उमटले. बहिणीला फोटो पाठवला. तिचा उलट फोन आला : “मधलं रफू माझ्यामुळे झालं होतं. बाभळीच्या कुंपणात मीच तिचा पदर ओढला होता.” पन्नास-पंचावन्न वर्षं आम्हा दोघींत हे कधी निघालंच नव्हतं.