अशील, वकील आणि मधला कागद

'तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतोस?' घरातल्या भांडणात हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. कोर्टाची पायरी कधी न चढलेली माणसंसुद्धा हा कागद रोज कुणाच्या तरी गळ्यात मारत असतात.

'वकील' शब्द अरबी. आपल्याकडे आला फारसीच्या वाटेनं. मूळ अर्थ सोपवणं, भिस्त ठेवणं. ज्याच्यावर काम सोपवलं तो वकील. कोर्टाशी त्याची गाठ फार उशिरा पडली. १६५९ साली प्रतापगडच्या भेटीआधी पंताजी गोपीनाथ आणि कृष्णाजी भास्कर यांच्या खेपा चालल्या होत्या, त्या वकील म्हणूनच. पुढे पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे दिल्लीत राहिले, गोविंदराव काळे निजामाकडे. धन्याच्या वतीनं बोलायचं आणि तिथली खबर पुण्याला लिहायची, हे त्यांचं काम.

गंमत अशी की त्याच काळात न्यायाच्या कामी वकिली नावाचा धंदा आपल्याकडे नव्हता. गावकरी-वतनदारांच्या गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी स्वतः उभे राहत, आपली तक्रीर, म्हणजे आपलं म्हणणं, लिहून देत. म्हणून न्याय फुकट होता असं नाही. जिंकणाऱ्यानं सरकारात 'हरकी' भरायची, हरणाऱ्यानं 'गुन्हेगारी'. जिंकल्याच्या आनंदावरही वसुली! पैसे दोन्हीकडून जात ते सरकारात. मध्यस्थाचा खिसा अजून शिवला गेला नव्हता.

तो शिवला कंपनी सरकारनं. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसच्या राजवटीत बंगालच्या दिवाणी अदालतींसाठी वकिलांचे नियम झाले. सनद फक्त हिंदू आणि मुसलमानांना, आणि फी दाव्याच्या रकमेच्या टक्क्यांत, सरकारनं बांधून दिलेली. जो 'सनद' शब्द वतनाच्या कागदावर असायचा तो आता वकिलाच्या परवान्यावर आला, आणि आजही तिथंच आहे. १८४६ च्या कायद्यानं धर्माची आणि वंशाची अट गेली. शिवाय फी वकील आणि पक्षकार यांनी आपसांत ठरवावी, अशी मोकळीक मिळाली. आज वकिलाच्या टेबलासमोर आपण अवघडून जी घासाघीस करतो, तिचं मूळ हे.

बॅरिस्टरांचा थाट निराळा. कलकत्ता आणि मुंबईच्या हायकोर्टांत त्यांची फी मोहरांत मोजायची रीत पडली. कंपनीच्या १८३५ च्या मोहरेची किंमत १५ रुपये. मोहोर बाजारातून नाहीशी झाली तरी वकिलांच्या बिलांत ती 'जीएम' (गोल्ड मोहर) या आद्याक्षरांनी टिकून राहिली.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो 'अशील' हा शब्द. हिंदीत पक्षकाराला मुवक्किल म्हणतात, म्हणजे सोपवणारा. तो 'वकील'च्याच धातूतला. मराठीनं उचलला अरबी 'असील': मूळ, मुख्य. आपला 'अस्सल' त्याचाच भाऊबंद. म्हणजे शब्दांच्या हिशेबानं अशील हा मूळ माणूस आणि वकील त्याच्या जागी बोलणारा. कोर्टाच्या बाकावर फाइल पोटाशी धरून बसलेल्या मूळ माणसाकडे पाहून मात्र तसं वाटत नाही.

आता तो कागद हातात घेऊन बघा. वर कोर्टाचं नाव, वादी-प्रतिवादींसाठी ठिपक्यांच्या ओळी, वकील कल्याण निधीचा स्टॅम्प, खाली अशिलाची सही आणि बाजूला वकिलाची, 'स्वीकारले' म्हणून. मधल्या बारीक मजकुरात तडजोड करणं, दावा काढून घेणं, पैसे स्वीकारणं, सगळे अधिकार एका दमात दिलेले असतात. आपण सही करतो ती फुलीची खूण दाखवली जाते तिथं, न वाचता. या छापील नमुन्यांत फीचा आकडा बहुधा नसतोच. विश्वास लेखी आणि पैसा तोंडी, असा हा उलटा व्यवहार आहे, आणि माझ्या मते वकील-अशिलांची निम्मी भांडणं इथंच जन्माला येतात.

म्हणून सहीआधी चार गोष्टी विचारा. फी ठोक आहे की तारखेमागे? अपील त्यात धरलंय का? कोर्ट फी सरकारची, ती वेगळी. तिचा आकडा किती? टायपिंग, नकला, प्रवास कुणाच्या अंगावर? उत्तरं कागदावर घ्या, दिलेल्या पैशांची पावती मागा. 'जिंकलात तर मिळेल त्यातला अमुक टक्का द्या' असं कुणी म्हणालं तर उठून या. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनी अशा बोलीला मनाई आहे.

आणि वकील बदलायची वेळ आलीच, तर घाबरू नका. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे दाखल झालेलं वकीलपत्र दाव्याचं काम संपेपर्यंत किंवा वकील-अशिलांपैकी एक मरेपर्यंत चालतं. पण कोर्टाच्या परवानगीनं ते लेखी रद्दही करता येतं. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडकवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली सांगितलं आहे.