इबादतखान्यांतील बैठका
अकबर बादशहाच्या इबादतखान्याचें नांव बहुतेक श्रोत्यांस ठाऊक असेल. १५७५ मध्यें फत्तेपूर सिक्री येथें ही वास्तु बांधून बादशहानें तेथें गुरुवारच्या रात्रीं धर्मचर्चा सुरू केली. सर्वधर्मीयांची परिषद असें तिचें चित्र रंगविण्यांत येतें. परंतु प्रारंभीं तेथें मुसलमानांखेरीज कोणास प्रवेश नव्हता, आणि पहिला तंटा झाला तो परमार्थावरून नव्हे, तर बसण्याच्या जागेवरून! तेव्हां बादशहानें चार वर्ग चार दिशांस बसविले : अमीर पूर्वेस, सय्यद पश्चिमेस, उलेमा दक्षिणेस आणि शेख उत्तरेस. स्वतः तो एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाऊन ज्याचें त्याचें म्हणणें ऐके. मध्यस्थाचें पहिलें काम हें असें सतरंजीवरचेंच असतें.

तरीहि उलेमांचे आवाज चढत. जो भलतेंसलतें बोलेल त्याचें नांव कळवावें, म्हणजे त्यास बाहेर घालवूं, असें बादशहानें बदाउनीस सांगितलें. हा हुकूम पाळला तर बहुतेकांस उठावें लागेल, असें बदाउनी आसफखानाच्या कानांत कुजबुजला. बादशहानें तें विचारून घेतलें, आणि तो खूष झाला! हा बदाउनी स्वतः कट्टर. गुप्तपणें लिहिलेल्या आपल्या इतिहासांत त्यानें बादशहाच्या धर्मविचारांवर आग पाखडली आहे. तरी या बैठकांची बरीचशी हकीकत आपणांस त्याच्याच लेखणींतून कळते.

पुढें ब्राह्मण, जैन, पारशी आले. १५८० मध्यें गोव्याहून रुडॉल्फ अक्वाव्हिवा हा जेझुइट पाद्री सोबत्यांसह आला. या पाद्र्यांनीं भर सभेंत इस्लामवर कठोर टीका केली, तरी बादशहाच्या छत्राखालीं त्यांच्या केसालाहि धक्का लागला नाहीं. मात्र जो तो दुसऱ्यास जिंकावयास आला होता. समजून घ्यावयास बसला होता तो बहुधा एकटा बादशहाच. खरी ओळख वाढली ती, माझ्या मतें, १५८२ मध्यें सुरू झालेल्या महाभारताच्या फारसी भाषांतरांत. पंडितांनीं अर्थ सांगावा, मुसलमान विद्वानांनीं तो लिहावा. तेथें कोणास जिंकण्यास वावच नव्हता. बदाउनीहि, कुरकुरत कां होईना, त्या कामास बसला.

अक्वाव्हिवा १५८३ मध्यें गोव्यास परतला. साष्टींतील कुंकळीचीं देवळें पोर्तुगिजांनीं पाडलीं होतीं. तेथें चर्चसाठीं जागा पाहावयास तो चार जेझुइटांसह गेला. १५ जुलै रोजीं गांवकऱ्यांनीं त्या पांचांनाहि ठार केलें. त्यानंतर बोलणीं करावयाचीं म्हणून पोर्तुगिजांनीं गांवच्या प्रमुखांस असोळणा येथील किल्ल्यांत बोलाविलें. ते गेले, आणि तेथें त्यांची कत्तल झाली. एक जण तेवढा नदींत उडी टाकून निसटला, असें सांगतात.