शेतकऱ्याचा डोळा आणि अकँथामीबा : एका तपासणीचा इतिहास

१. आषाढात पनवेल तालुक्यात भाताची लावणी सुरू होते. चिखलाचे पाणी डोळ्यांत उडणे हा त्या कामाचा नित्याचा भाग. क्वचित मात्र डोळा लाल होतो, उजेड सोसवत नाही आणि बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, गढूळ होतो. या दाहामागे जिवाणू आहे, बुरशी आहे, हर्पीसचा विषाणू आहे की पाण्यातील परजीवी, हे नुसत्या नजरेने ठरवणे अवघड. ते ठरवणाऱ्या तपासणीचा इतिहास जेमतेम अर्ध्या शतकाचा आहे.

२. १९३० साली आल्दो कास्तेलानी यांना यीस्टच्या संवर्धनात एक अमीबा आढळला. अंगावरील काट्यांसारख्या उंचवट्यांमुळे या गटाला पुढे ‘अकँथामीबा’ हे नाव मिळाले. माती, तळी, नळाचे पाणी, सर्वत्र त्याचा वास. डोळ्याशी त्याचे नाते मात्र कित्येक दशके कोणाच्या ध्यानी आले नाही.

३. १९७३ साली दक्षिण टेक्सासमधील एका पशुपालकाच्या जखमी डोळ्यात तो सापडला. १९७४ मध्ये ब्रिटनमधील रुग्णांची हकिगत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

४. १९८० च्या दशकात अमेरिकेत रुग्ण एकाएकी वाढले. त्यांतील बहुतेक जण कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे होते आणि अनेकांनी लेन्ससाठी मिठाचे द्रावण घरीच तयार केले होते. परिणामी ‘लेन्सवाल्यांचा रोग’ हीच ओळख रूढ झाली. पशुपालकाचा तो डोळा विस्मरणात गेला.

५. याच काळात उपचारालाही वाट सापडली. १९८५ साली लंडनच्या डॉक्टरांनी प्रोपामिडीन या औषधाच्या साहाय्याने हा रोग बरा झाल्याची नोंद केली. आता अचूक निदानाला खरा अर्थ आला. वेळेत ओळख पटली तर दृष्टी वाचण्याची आशा होती.

६. पण लेन्स न वापरणाऱ्याची तपासणी करणार कोण? १९९० साली सावित्री शर्मा, एम. श्रीनिवासन आणि सी. जॉर्ज यांनी मदुराईतील निरीक्षणांतून दाखवून दिले की हा रोग लेन्स न वापरणाऱ्यांनाही होतो. भारतात त्याची वाट प्रामुख्याने इजा, माती आणि दूषित पाणी यांतून जाते. इतिहास पुन्हा शेताच्या बांधावर येऊन पोहोचला.

७. तपासणी तशी साधी. डोळा बधिर करून कॉर्नियाचा सूक्ष्म खरवड घेतात. काचपट्टीवर कॅल्कोफ्लुओर व्हाइट हे रंजक घातले की विशेष सूक्ष्मदर्शकाखाली अमीबाच्या पुटी चमकतात. उरलेला खरवड पोषणद्रव्य नसलेल्या अगारवर, ई. कोलाय जिवाणूंच्या थरावर ठेवतात. अमीबा जिवाणू खात पुढे सरकतो आणि मागे आपली वाट उमटवतो.

८. पावसाळ्याशी जोडलेला दुसरा जीव म्हणजे मायक्रोस्पोरिडिया. १८५७ मध्ये नेगेली यांनी त्याचे वर्णन केले ते रेशीमकिड्यांच्या रोगात. १९७३ साली तो श्रीलंकेतील एका मुलाच्या कॉर्नियात आढळला. आज त्याचे वर्गीकरण बुरशीच्या निकट केले जाते.

९. पनवेलमध्ये आज नेत्ररुग्णालये आहेत. मदुराईचा धडा लावणीच्या शेतापर्यंत पोहोचणे तेवढे महत्त्वाचे. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली दडपतात आणि परजीवीला मोकळे रान देतात. म्हणून ‘लेन्स वापरता का?’ या प्रश्नासोबत ‘डोळ्यात चिखल उडाला होता का?’ हेही विचारले गेले पाहिजे. जे शोधलेच जात नाही, ते सापडतही नाही.