शौलाचा घोडा आला कुठून?

बायबलमध्ये शौल घोड्यावरून पडत नाही. पडतो हे खरं, पण घोड्यावरून नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हा प्रसंग तीनदा येतो. नवव्या अध्यायात पुस्तकाचा लेखक लूक तो सांगतो, बाविसाव्यात यरुशलेममधल्या खवळलेल्या जमावापुढे पौल, म्हणजे पूर्वीचा शौलच, स्वतः सांगतो आणि सव्विसाव्यात अग्रिप्पा राजापुढे पुन्हा तोच सांगतो. तिन्ही ठिकाणी दिमिष्काची, म्हणजे दमास्कसची, वाट आहे, आकाशातून पडलेला प्रकाश आहे, आवाज आहे, जमिनीवर कोसळणं आहे. जनावर एकही नाही. तरी संडे स्कूलमधल्या पोराला विचारा, शौल कशावरून पडला? उत्तर ठरलेलं. मोठ्यांनाही विचारून बघा, फार फरक पडायचा नाही.

पुढची गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची आहे. तीन दिवसांचं आंधळेपण, हनन्या या शिष्याचं येणं, बाप्तिस्मा, आणि मंडळीचा छळ करणाऱ्याचा झालेला प्रेषित. मला त्यात शिरायचं नाही. मला घोडा हवा आहे.

आधी मूळ उतारा नीट वाचू. तिन्ही हकिकतींचे तपशील एकमेकांशी जुळत नाहीत, आणि अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. नवव्या अध्यायात शौलाचे सोबती अवाक् होऊन उभे राहतात. त्यांना आवाज ऐकू येतो, दिसत कोणी नाही. बाविसाव्यात उलटं आहे: त्यांना प्रकाश दिसतो, पण बोलणाऱ्याची वाणी त्यांच्या कानी पडत नाही. सव्विसाव्यात तर सगळेच जमिनीवर पडतात. म्हणजे दर खेपेला काही ना काही हललं आहे. इतकं सगळं हलत असताना घोडा घुसायला वाव भरपूर होता. तो घुसला नाही.

यरुशलेम ते दिमिष्क हे अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि शौलाजवळ छळाच्या या कामासाठी महायाजकाने दिलेली पत्रं होती. सरकारी म्हणावं असं काम. एवढ्या वाटेला त्याने खेचर किंवा गाढव तरी घेतलंच असेल, असं म्हणणारे आहेत. पण घोडं पेंड खातं ते पुढच्याच वाक्यात. आंधळ्या झालेल्या शौलाला सोबती हाताला धरून दिमिष्कात नेतात. जनावर हाताशी असताना डोळ्यांपुढे अंधार झालेल्या माणसाला कोणी पायी चालवील का? उचलून पाठीवर बसवतील आणि लगाम धरून पुढे चालतील.

जुने चित्रकार या बाबतीत प्रामाणिक होते. इ. स. 845 च्या सुमारास फ्रान्समधल्या तूरला चार्ल्स द बाल्ड या राजासाठी तयार झालेल्या सचित्र बायबलात शौल पायीच आहे आणि पायीच कोसळतो. सिसिलीत पालेर्मोच्या राजवाड्यातलं प्रार्थनामंदिर आणि मोन्रेआलेचं कॅथेड्रल इथल्या बाराव्या शतकातल्या मोझेइकांतही तेच. ही मोझेइकं बिझँटाइन वळणाची आहेत, हे लक्षात ठेवा. पूर्वेकडच्या ख्रिस्ती कलेने शौलाला घोडा दिला नाही. घोडा उगवतो तो पश्चिम युरोपात, बाराव्या शतकाच्या आसपास, आणि मग हटायचं नाव घेत नाही.

आता ज्या दुव्यापायी हे सगळं लिहायला बसलो तो सांगतो. पौलाच्या परिवर्तनाचा वेगळा सण, 25 जानेवारीचा, हा मुळात पश्चिमेचा. पूर्वेकडच्या चर्चने पौलाचा मान ठेवला, पण या एका घटनेला स्वतंत्र दिवस दिला नाही. (गोव्याच्या वाचकाला ही तारीख परकी वाटू नये. 1543 साली याच दिवशी जुन्या गोव्यातल्या कॉलेजच्या चर्चचं अर्पण झालं, त्यावरून त्याला सेंट पॉलचं नाव मिळालं आणि त्यावरून हिंदुस्थानातल्या जेझुइटांना 'पॉलिस्ट' म्हणू लागले. ब्राझीलच्या साओ पाउलोचं नावही 25 जानेवारीचंच, साल 1554.) जिथे सण, तिथे घोडा, जिथे सण नाही, तिथे घोडा नाही. मी याला योगायोग मानत नाही.

कारण असं. गोष्ट ओळीने रंगवायची असेल तर घोडा लागत नाही. एका चौकटीत पत्रं घेणारा शौल, दुसरीत पडलेला, तिसरीत हाताला धरून नेलेला. बघणाऱ्याला आपोआप कळतं. पण सणासाठी एकच चित्र हवं असतं. रस्त्यात आडवा पडलेला माणूस नुसता दाखवला तर तो आजारी, दारूडा की लुटला गेलेला, कसं कळणार? तो पूर्वी वर होता आणि आता खाली आला, हे एका नजरेत दिसायला हवं. आणि 'वर होता, खाली आला' यासाठी पश्चिमेच्या चित्रकारांकडे तयार चित्र होतं. ते शौलाचं नव्हतं, गर्वाचं होतं.

स्पेनमध्ये जन्मलेल्या प्रुडेंटियस या कवीने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला 'सायकोमाकिया' हे लॅटिन काव्य लिहिलं. त्यात सद्गुण आणि दुर्गुण बायकांच्या रूपात रणांगणावर उतरतात. गर्व ही बाई घोड्यावर बसून येते. घोड्याच्या पाठीवर सिंहाचं कातडं, तिच्या डोक्यावर केसांचा उंच मनोरा. विनम्रतेच्या फौजेची टर उडवत ती घोडा भरधाव सोडते आणि कपटाने आधीच खणून झाकलेल्या खड्ड्यात घोड्यासकट जाते. मठांमधून या काव्याच्या सचित्र प्रती पिढ्यान् पिढ्या उतरवल्या गेल्या. तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच कारागिराच्या चित्रवहीत हाच गर्व दिसतो, घोडा कोलमडलेला, स्वार खाली चाललेला. शिल्पी आणि चित्रकार यांच्या हातात बसलेलं चित्र होतं ते.

शौल आणि गर्व यांची गाठ त्याआधीच मारलेली होती. संत ऑगस्टीनच्या प्रवचनांत ती वारंवार येते: शौल हे नाव दावीदाचा छळ करणाऱ्या गर्विष्ठ शौल राजाचं, आणि पौल म्हणजे लहानगा. पुढे 1260 च्या सुमारास संतांच्या कथा एकत्र करणारा याकोबुस दा व्हाराजिनेही शौलाच्या दोषांत गर्व मोजतो. प्रवचनात गर्व खाली पडतो, पोथीत गर्व घोड्यावरून पडतो, आणि दोन्ही त्याच मठात. घोड्याने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला फार वेळ घेतला नसेल.

माझ्या मताला प्रतिस्पर्धी आहेत. सर्वांत सोपं उत्तर सरंजामी काळाचं: त्या जगात तलवार बाळगणारा माणूस घोड्यावरच असायचा, म्हणून शौलही घोड्यावर. हे अर्धं खरं आहे. पण मग त्याच काळात इतर सगळे प्रेषितही घोड्यावर बसायला हवे होते. ते बहुतेक बसले नाहीत. पडण्यापुरता घोडा मिळाला तो शौलालाच.

दुसरा प्रतिस्पर्धी जास्त देखणा आहे. मक्काब्यांच्या दुसऱ्या पुस्तकात हेलिओदोर हा राजाचा कारभारी यरुशलेमच्या मंदिराचा खजिना लुटायला येतो. सोन्याचं चिलखत घातलेला दिव्य स्वार त्याच्या अंगावर घोडा घालतो, हेलिओदोर कोसळतो, गडद अंधारात बुडतो, त्याला डोलीत घालून नेतात, आणि शुद्धीवर आल्यावर तो देवाचं सामर्थ्य कबूल करतो. शौलाच्या गोष्टीशी साम्य उघड आहे. लूकच्या डोळ्यांपुढे ही कथा असावी, असं मानणारे अभ्यासकही आहेत. शिवाय राफाएलने व्हॅटिकनमध्ये हेलिओदोर रंगवला आणि काही वर्षांतच शौलाच्या परिवर्तनाचा विणकामाचा नमुना केला, त्यात उधळलेला घोडा आहेच. तरी मला हे पटत नाही. तिथे घोडा मारणाऱ्याचा आहे, पडणाऱ्याचा नाही. एवढा मालकीहक्क बदलायला काही तरी कारण लागेल.

पुढच्या चित्रकारांनी घोड्याचं जे केलं ते मात्र भारी. मायकेलँजेलोने 1540 च्या दशकात पोप तिसरे पॉल यांच्या खासगी चॅपेलमध्ये घोडा पाठ फिरवून चित्राच्या आत पळवला आणि जमिनीवर दाढीवाला म्हातारा शौल टाकला. 'कृत्ये' त्याला तरुण म्हणतं. पण पोपचं नाव पॉल, वय सत्तरीच्या पुढे. मायकेलँजेलोला व्यवहार कळत होता. ब्रॉयगलने 1567 साली सगळा प्रसंग आल्प्सच्या खिंडीत नेला. पुढे स्वारांच्या घोड्यांचे भलेमोठे पुठ्ठे, आणि शौल मध्ये कुठेतरी, शोधावा लागतो. रोममधल्या सांता मारिया देल पोपोलो चर्चमधलं काराव्हाज्जोचं चित्र, 1601 च्या सुमाराचं, मला सर्वांत अडचणीचं. त्यात अर्ध्याहून अधिक जागा घोड्यानेच खाल्ली आहे. तो उधळत नाही, खिंकाळत नाही. खाली हात पसरून उताणा पडलेल्या माणसावर खूर येऊ नये म्हणून एक पाय उचलून धरतो, आणि कपाळाला आठ्या पडलेला मोतद्दार त्याचा लगाम धरून उभा असतो. गर्वाचा घोडा असा वागत नाही. काराव्हाज्जोने घोडा माझ्या कुळातून फोडून नेला, एवढंच म्हणतो.

उरला 'कृत्ये'मधला तेविसावा अध्याय, कारण हुशार वाचक तो काढणारच. पौल यरुशलेममध्ये अटकेत आहे, चाळीसहून अधिक माणसांनी त्याला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही अशी शपथ घेतली आहे. रोमी सरदार रात्रीच्या पहिल्या प्रहरानंतर त्याला कैसरियाला हलवतो: 200 शिपाई, 70 घोडेस्वार, 200 भालेकरी, आणि खास पौलाला बसायला जनावरं. म्हणजे 'कृत्ये'मध्ये पौल खरोखर स्वार होतो! घोडा इथूनच मागे नवव्या अध्यायात गेला असेल, असं कोणी म्हणेल. मी तर उलटं म्हणतो. हाच लूक शिपाई मोजतो, भालेकरी मोजतो, दुसऱ्या दिवशी पायदळ परत फिरलं आणि घोडेस्वार पुढे गेले हेही टिपतो, आणि कैद्याला बसायला जनावरं दिली हे सांगायला विसरत नाही. दिमिष्काच्या वाटेवर जनावर असतं, तर या माणसाने ते गाळलं नसतं.