निघता सांधा : गोल्फच्या दांड्याचा इतिहास आणि घणसोलीचा काठ

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर वसलेले घणसोली हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव असून, नवी मुंबईच्या उभारणीपूर्वी खारजमिनीवरील भातशेती आणि खाडीतील मासेमारी यांवर तेथील घरांचे पोट चालत असे. अशा गावाच्या संदर्भात गोल्फच्या काठीतील सांध्याचा इतिहास मांडणे वरवर पाहता विसंगत वाटेल. परंतु दोन तुकडे घट्ट जोडावेत आणि काम झाल्यावर ते विनासायास सोडवता यावेत, हा प्रश्न खेळाच्या मैदानापूर्वी शेताने, होडीने आणि कारखान्याने सोडवला आहे, आणि शेत, होडी व कारखाना ही तिन्ही घणसोलीच्या परिसराने एका शतकाच्या आत शेजारी शेजारी नांदताना पाहिली आहेत.

शेतातील टिकावाचा किंवा कुदळीचा सांधा हा या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत निर्दोष उत्तर मानावा लागेल. बाभळीचा किंवा तशाच चिवट लाकडाचा दांडा एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला बारीक ठेवलेला असतो. लोखंडी पात्याचे नेढे, म्हणजे दांडा बसण्यासाठी ठेवलेले आरपार भोक, बारीक टोकाकडून ओवून जाड टोकापर्यंत सरकवले की पाते तेथे आवळून बसते. हत्यार फिरवताना पात्याला बाहेरच्या बाजूस ओढ बसते आणि ती ओढ पात्याला जाड टोकाकडेच दाबत असल्यामुळे प्रत्येक घावागणिक सांधा अधिक घट्ट होत जातो. काम संपल्यावर दांडा उभा धरून त्याचे बारीक टोक दगडावर आपटले की पाते सुटून खाली येते. यात खिळा नाही, सरस नाही, आटे नाहीत. ज्या जोराने सांधा तुटावयाचा, त्याच जोराला सांध्याचा राखणदार केलेले आहे. होडीवरचे उत्तर याहून वेगळे होते. अरबी समुद्रातील शिडाच्या मोठ्या गलबतांचे परबाण, म्हणजे ज्या लांब काठीला शीड बांधतात ती तिरपी काठी, पुष्कळदा एका लाकडात मिळत नसे. तेव्हा दोन लाकडे टोकाशी एकमेकांवर चढवून दोराच्या वेढ्यांनी करकचून बांधली जात, आणि दुरुस्तीची वेळ आली की तोच दोर सोडून ती वेगळी केली जात.

गोल्फच्या काठीची रचना टिकावासारखी दिसत असली तरी तिच्यातील बळाची दिशा नेमकी उलट पडते, आणि तिच्या सांध्याचा पुढचा सारा इतिहास या एका फरकातून निर्माण झाला आहे. या काठीचे तीन भाग असतात : हाताने धरावयाची मूठ, लांब दांडा आणि चेंडूवर आघात करणारे डोके. येथे दांडा डोक्यातून आरपार जाऊन पलीकडे जाड होत नाही. तो डोक्याच्या मानेशी जोडलेला किंवा तिच्यात खुपसलेला असतो, म्हणून काठी फिरताना डोके दांड्यापासून निसटू पाहते. सर्वांत लांब पल्ल्याच्या काठीचे डोके सुमारे २०० ग्रॅम वजनाचे असते आणि व्यावसायिक खेळाडूच्या फटक्यात त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या घरात जातो. साधे गणित मांडले तर त्या क्षणी डोक्याला तीस ते चाळीस किलो वजनाइतकी बाहेरची ओढ बसते. त्यातच चेंडूशी होणारा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकत असल्याने सांध्याला ओढ, पीळ आणि धक्का हे तिन्ही एकदम सोसावे लागतात.

हा खेळ हिंदुस्थानात आला तो ब्रिटिश अधिकारी आणि व्यापाऱ्यांबरोबर. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९चा, तर मुंबईच्या रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ची सांगितली जाते. त्या काळच्या काठ्या स्कॉटिश कारागिरांनी घडवलेल्या असत. डोके बीच, सफरचंद किंवा पेअर अशा झाडांच्या लाकडाचे आणि दांडा आधी ॲश किंवा हेझेल या लाकडांचा व पुढे अमेरिकेतून येणाऱ्या हिकरी या लवचीक, तंतुमय लाकडाचा असे. डोके आणि दांडा जोडण्याची रीत परबाणाच्या बांधणीची आठवण करून देणारी होती. दांड्याचे टोक आणि डोक्याची मान दोन्ही लांब तिरप्या छेदाने तासून, त्या उतरत्या बाजू एकमेकींवर बसवून, मध्ये गरम सरस लावला जाई आणि वरून डांबर लावलेल्या सुताचे दाट वेढे दिले जात. सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून शिजवून काढलेला डिंक, कोरड्या हवेत लाकडापेक्षाही चिवट ठरतो, पण ओलावा लागला की मऊ पडतो. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात अशा सांध्याचा कस लागत असणार हे वेगळे सांगावयास नको; त्या सुताच्या वेढ्यांना शोभेची बाब समजणे चूक आहे, कारण सरस सैल पडला तर सांधा धरून ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येत असे.

१८४८च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून बनवलेला कठीण चेंडू प्रचारात आला आणि पिसे भरलेल्या जुन्या चामडी चेंडूला सरावलेली लाकडी डोकी तडकू लागली. या धक्क्याने काठीचा आकार बदलला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांधाही बदलला : मान जाड ठेवून तिच्यात भोक पाडावे आणि दांड्याचे निमुळते टोक त्यात बसवावे, अशी सुताराच्या कुसाच्या सांध्याशी नाते सांगणारी पद्धत रूढ झाली. लोखंडी डोक्यांना तर आधीपासूनच एक पोकळ नळी असे. तिला होझेल म्हणतात. तिच्यात दांडा बसवून आडवी खीळ ठोकली जाई. पुढे पोलादी नळीचा दांडा आला. एडिंबरा येथील टॉमस हॉर्सबर्ग याने त्याचे पेटंट १८९४मध्ये घेतले असले तरी अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्याला १९२४मध्ये आणि सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १९२९मध्ये मान्यता दिली. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब सुरू झाला तो १९२७मध्ये, म्हणजे या दोन निर्णयांच्या अगदी मधल्या काळात, जेव्हा एकच काठी अमेरिकेत वैध आणि ब्रिटिश नियमांखाली अवैध होती. १९७०च्या दशकात कार्बनच्या तंतूंचा हलका दांडा आला आणि सरसाची जागा इपॉक्सी या रासायनिक डिंकाने घेतली. पण सांधा कायमचाच राहिला. तो उघडायचा तर डोके तापवून डिंक मऊ करावा लागे, आणि ते काम कारागिराकडेच होई.

दांडा मध्येच तोडून पुन्हा जोडण्याची कल्पना मात्र खेळाच्या गरजेतून आलेली नाही. ती प्रवासातून आणि अडचणीच्या परिस्थितीतून आली, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीवरचे नाही. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ मोहिमेचा प्रमुख ॲलन शेपर्ड याने चंद्राच्या पृष्ठभागावर दोन चेंडू मारले, त्यासाठी पूर्ण लांबीची काठी यानात नेणे शक्यच नव्हते. चंद्रावरची माती गोळा करण्यासाठी जे उपकरण होते त्याचा दांडा अनेक तुकड्यांचा व घडीचा होता. शेपर्डने सहा क्रमांकाच्या लोखंडी काठीचे फक्त डोके नेले, ते त्या दांड्याच्या टोकाला बसवले आणि जाड पोशाखामुळे दोन्ही हात जुळवता येत नसल्याने एका हातानेच फटका मारला. तुकड्यांचा दांडा, क्षणात बसणारे डोके आणि जागेची टंचाई ही शीघ्र-जोडणीच्या, म्हणजे झटकन जोडता-सोडवता येणाऱ्या, काठीची तिन्ही लक्षणे त्या एका वस्तूत एकत्र आलेली दिसतात. पृथ्वीवर हीच गरज विमानाच्या सामानाने निर्माण केली. सर्वांत लांब काठी सुमारे ११४ सेंटिमीटरची; ती मधोमध उघडली तर नेहमीच्या प्रवासी पेटीत मावते, न उघडली तर तिच्यासाठी स्वतंत्र लांब पिशवी वाहावी लागते.

अशा काठीच्या दांड्यात बसवलेला जोड कोणत्या तत्त्वावर चालतो, हे समजण्यासाठी घणसोलीच्या पूर्वेकडे वळावे लागते. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, १९६०च्या दशकापासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिच्यातील कारखान्यांत आणि लेथच्या शेडमध्ये शीघ्र-जोडणीचे सर्व प्रकार रोजच्या वापरात असतात. पहिला प्रकार निमुळत्या शंकूचा : बारीक उताराचा शंकू तशाच उताराच्या खोबणीत दाबला की केवळ घर्षणाने तो जखडतो, लेथमध्ये आणि ड्रिलच्या यंत्रात हत्यार असेच बसवतात, आणि टिकावाच्या नेढ्याचेही मूळ तत्त्व हेच. दुसरा आट्यांचा, म्हणजे स्क्रूसारखा पीळ देऊन आवळण्याचा. तो भक्कम खरा, पण वेळखाऊ, आणि फटक्याचा पीळ उलट दिशेने बसला तर हळूहळू सैल होणारा. तिसऱ्या प्रकाराला बायोनेट म्हणतात, कारण बंदुकीच्या नळीवर संगीन बसवण्याच्या रीतीवरून तो आला. त्यात दाबून थोडे फिरवले की दोन खुंट्या आपापल्या खाचेत अडकतात, आणि घरातील जुन्या पिवळ्या दिव्याचा होल्डर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. चौथा प्रकार कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीवर असतो. पंक्चरच्या दुकानातही दिसणाऱ्या या कपलरमध्ये आतील नळीला एक गोल खाच आणि बाहेरील भागात पोलादी गोळ्यांचे कडे असते. वरचे सरकते कवच पुढे असेपर्यंत गोळ्या खाचेत दाबलेल्या राहतात, आणि कवच मागे ओढले की गोळ्यांना बाहेर सरकण्यास जागा मिळून नळी सुटते.

गोल्फच्या दांड्यासाठी यांपैकी कोणताही प्रकार एकटा पुरत नाही. हवेच्या नळीचा कपलर ओढ उत्तम सोसतो, परंतु स्वतःभोवती फिरू शकतो, आणि गोल्फमध्ये डोक्याचा कोन अंशभर फिरला तरी चेंडू वाट सोडून जातो. म्हणून पीळ अडवण्यासाठी कंगोरे किंवा चपटी बाजू लागते. खाच आणि गोळी यांच्यात केसाइतकी मोकळीक राहिली तरी फटक्याच्या वेळी ती हाताला खडखडते, म्हणून ती खाऊन टाकण्यासाठी शंकू लागतो. शिवाय जोडाच्या जागी धातू वाढल्याने दांडा तेथे ताठ आणि जड होतो, तर लवचीकपणा ही या दांड्याची जीवनशक्ती आहे. चांगला जोड म्हणजे शंकूने मोकळीक काढलेला, कंगोऱ्यांनी पीळ अडवलेला, आट्यांनी किंवा कळीने ओढ धरलेला आणि तरीही काही ग्रॅमांतच आवरलेला जोड. लेथवर शतांश मिलिमीटरचे माप सांभाळणाऱ्या कारागिराला या अडचणीचे गांभीर्य सांगावे लागत नाही. खेळाच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच येते, ही त्या इतिहासाची मोठी उणीव आहे.

कारागिरीइतकाच अडथळा नियमांचा होता. गोल्फचे नियम काठी ही एक अखंड वस्तू असावी, असे मानतात. दांडा कोणत्याही बाजूने वाकवला तरी सारखाच वाकला पाहिजे आणि दोन्ही दिशांना सारखाच पिळला गेला पाहिजे, ही अट मधल्या जोडाला थेट लागू पडते. २००८पासून डोके आणि दांडा यांची रचना बदलता येईल अशा लाकडी जातीच्या काठ्यांना, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या डोक्याच्या काठ्यांना, मान्यता मिळाली आणि डोक्याच्या मानेत स्क्रूने आवळायची नळीसारखी बाही सर्वत्र दिसू लागली. पण त्याबरोबर अटही आली की बदल सहजासहजी करता येऊ नये, सर्व भाग घट्ट बसलेले असावेत आणि खेळ चालू असताना ते सैल पडण्याची वाजवी शक्यता नसावी. यामुळेच त्या काठ्यांबरोबर खास पाना दिला जातो. हाताने झटकन उघडणारा जोड या अटीच्या उंबरठ्यावर अडखळतो, कारण जे त्याचे भूषण तेच नियमाच्या दृष्टीने वैगुण्य. खेळाच्या मध्येच सोबतच्या तुकड्यांतून नवी काठी जुळवून घेण्यासही नियमांची मनाई आहे. ही सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. काठ्यांची संख्या चौदावर मर्यादित करणारा नियम १९३८-३९मध्ये ज्या कारणासाठी, म्हणजे खेळाडूने मनमानी संख्येने काठ्या बाळगू नयेत म्हणून, आला, तेच कारण येथेही आहे, आणि एका दांड्यावर दहा डोकी बदलता आली तर ती मर्यादा कागदावरच राहील.

या सांध्याची सर्वांत खरी गरज आज ज्या ठिकाणी आहे, ते ठिकाण घणसोलीपासून दूर नाही. १९७०मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या, त्यांत घणसोलीही होते. टिकाव आणि फावडे जेथे चालत होते त्या खारजमिनीवर सेक्टर आखले गेले. त्याच सिडकोने खारघरच्या डोंगरकुशीत गोल्फचे मैदान केले आणि ते २०१२मध्ये खुले झाले, म्हणजे चेंबूरच्या मैदानानंतर पंच्याऐंशी वर्षांनी हा खेळ खाडीच्या या काठावर सार्वजनिक संस्थेच्या हातून आला. २००४मध्ये ठाण्याहून सुरू झालेल्या ट्रान्स-हार्बर मार्गावर घणसोली स्थानक आहे आणि तेथून पनवेलची लोकल थेट खारघरला जाते. सव्वा मीटर लांबीची पिशवी खांद्यावर घेऊन सकाळच्या गर्दीत त्या डब्यात शिरणे जवळजवळ अशक्य आहे. मधोमध उघडलेली काठी साठ सेंटिमीटरच्या आत येते आणि पाठीवरच्या साध्या पिशवीत मावते.